सारथ्याची अट

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेल्या उपनगराचं आराखड्यातलं जुनं नाव पापनकलां. पुढे त्याचं द्वारका झालं. कृष्णाच्या राजधानीचं नाव लावणाऱ्या या वस्तीत समुद्र नाही. आकडे दिलेले सेक्टर आहेत, सहकारी सोसायट्यांचे मनोरे आहेत, तेराव्या सेक्टरात इस्कॉनचं देऊळ आहे, तिसऱ्यात नेताजी सुभाष यांच्या नावाचं तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. मेट्रोची निळी मार्गिका २००५ सालच्या शेवटच्या दिवशी इथे पोहोचली आणि २०१० मध्ये सेक्टर २१ पर्यंत गेली. तिचं दुसरं टोक २०१९ पासून नोएडातल्या इलेक्ट्रॉनिक सिटी स्थानकावर संपतं. एका टोकाला द्वारका, दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटी, मध्ये दीडेक तासाचा प्रवास. ज्यांची कार्यालयं गुरुग्रामच्या सायबर सिटीत किंवा उद्योग विहारात आहेत त्यांच्यासाठी द्वारका द्रुतगती मार्ग झाला; त्याचा हरियाणातला टप्पा मार्च २०२४ मध्ये आणि दिल्लीतला ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. संध्याकाळी बाकीचं शहर घरी परतत असतं, तेव्हा अमेरिकी घड्याळावर काम करणाऱ्यांच्या कॅब सोसायट्यांच्या फाटकांशी येऊन थांबतात.

त्या कॅबमधल्या गप्पांचे विषय ठरलेले. कोण बेंचवर गेलं, कोणाला पीआयपी (कामगिरी सुधारण्याची तंबी) लागला, कोणाचा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सरेपर्यंत नव्या कंपनीची ऑफरच निघून गेली, बारा तास बसूनही टाइमशीटमध्ये नऊच का भरायचे, चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की मॅनेजर किती वेळात विचारणा करतो. कंपनीच्या सभांमध्ये बोलणं निराळं असतं. तिथे ओनरशिप, पॅशन, ‘आपण सगळे एक कुटुंब’. वक्ता जरा वयस्क आणि देशी संस्कारांचा असेल तर गीताही येते: दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक, बहुधा पहिल्या ओळीपुरता. काम करत राहा, फळाकडे पाहू नका. पगारवाढीची पत्रं निघण्याच्या आठवड्यात हा उपदेश ऐकणारा माणूस मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो.

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निष्काम कर्म ही मराठी वाचकाला उसनी घ्यावी लागलेली कल्पना नव्हे. ज्ञानेश्वरीपासून टिळकांच्या ‘गीतारहस्या’पर्यंत आणि विनोबांच्या ‘गीता प्रवचनां’पर्यंत ती त्याच्या घरात वावरते. आजी जात्यावर बसली की, आजोबा शेतात गेले की, आणि मुलगा परीक्षेला निघाला की हीच शिकवण वेगवेगळ्या शब्दांत सांगितली गेली आणि कोणाला खटकली नाही. मग पगार देणाऱ्याने ती पगार घेणाऱ्याला सांगितली की का खटकते? शिकवण खोटी आहे, ऐकणारा लोभी आहे, की सांगणारा भलत्या जागी उभा आहे?

हा प्रश्न अलीकडे दोन उद्योगपतींनी फार जाहीरपणे उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती एका पॉडकास्टमध्ये म्हणाले की देशाला पुढे न्यायचं तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची गोष्ट काढली आणि रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही याची खंत व्यक्त केली. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारलं. हिशेब सोपा आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ७० तासांचे रोजचे ११ तास ४० मिनिटं होतात. नव्वदमध्ये तर सातही दिवस जवळजवळ १३ तास पडतात. त्यात द्वारकेहून नोएडाला जाण्यायेण्याचे तीन तास मिळवले की झोप, आंघोळ आणि जेवण यांची आपापसात भांडणं लागतात. मूर्तींची कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. त्याच इन्फोसिसने २०२५ मध्ये घरून काम करताना रोज सव्वानऊ तासांपेक्षा जास्त वेळ लॅपटॉपपुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना तब्येतीला जपा, अशा ईमेल पाठवल्याच्या बातम्या आल्या. संस्थापक आणि कंपनीचा मनुष्यबळ विभाग यांत खरा व्यवहारी कोण, हे वाचकाने ठरवावं.

गीता सभेत आणायचीच असेल तर ती द्वारकेपासून सुरू करायला हवी. महाभारताच्या उद्योगपर्वात युद्धाची तयारी चाललेली असताना दुर्योधन आणि अर्जुन एकाच दिवशी मदत मागायला द्वारकेला पोहोचतात. कृष्ण झोपलेला असतो. दुर्योधन उशाशी आसनावर बसतो, अर्जुन पायथ्याशी हात जोडून उभा राहतो. जागा झाल्यावर कृष्ण दोघांपुढे निवड ठेवतो: एकीकडे त्याची नारायणी सेना, दुसरीकडे तो एकटा, आणि तोही शस्त्र न धरणारा, न लढणारा. अर्जुन त्याला मागतो, सारथी म्हणून. म्हणजे गीता सांगणाऱ्याने कामावर रुजू होण्याआधी आपली अट स्पष्ट शब्दांत सांगितली होती, आणि नेमणूक करणाऱ्याने ती मान्य केली होती. (पुढे भीष्मासमोर ती मोडायची वेळ आली, तेव्हा अर्जुनानेच धावत जाऊन त्याला अडवलं. अट पाळली जावी यासाठी धडपडणारा मालक महाभारतातही विरळाच.)

सारथ्याची जागा हलकी समजली जाई. त्या जागेवर बसून, हाती लगाम धरून, ना राज्यात वाटा ना लुटीत हिस्सा असलेला एक माणूस फळाची आस सोडण्याबद्दल बोलतो आहे. तिसऱ्या अध्यायात तो स्वतःचंच उदाहरण देतो: मला तिन्ही लोकांत मिळवायचं काही उरलेलं नाही, तरी मी कामात आहे. आणि सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे अर्जुनाला म्हणतो, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. कंपन्यांच्या सभांतून दुसरा अध्याय येतो; अठराव्याचा हा तुकडा आल्याचं कोणी सांगत नाही. ज्याचा वाटा मोठा, त्याने लहान वाटेकऱ्याला निरिच्छ होण्याचा उपदेश करावा, आणि नकार देण्याची मुभा मात्र ठेवू नये, हे गीतेच्या प्रसंगाशी जुळत नाही. निष्कामता हे स्वतः घ्यायचं व्रत आहे. ते दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. एकादशी दुसऱ्याला लावून आपण जेवायला बसता येत नाही तसं.

याच युद्धातला एक प्रसंग गीतेइतका गाजला नाही. अभिमन्यू मारला गेल्यावर अर्जुन प्रतिज्ञा करतो: उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. याहून कडक डेडलाइन भारतीय वाङ्मयात शोधून सापडायची नाही. दुसऱ्या दिवशी जयद्रथ अजून दूर असताना, दिवस कलायला लागलेला असताना, घोडे बाणांनी जखमी होऊन थकतात. त्यांना सोडून विश्रांती द्यावी यावर अर्जुन आणि कृष्ण दोघांचं एकमत होतं. अर्जुन खाली उतरून पायी लढतो, बाणाने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपसतो, त्यांना खरारा करतो, पाणी पाजतो. शत्रूचं सैन्य थक्क होऊन बघत राहतं. द्रोणपर्वात हे सगळं सविस्तर आहे. जीव पणाला लागलेल्या दिवशीही जनावरं सोडायची वेळ चुकवायची नसते, असं व्यासांना वाटलं असावं.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यांच्या मांडणीत फळाची आसक्ती सोडायची आहे, फळाचा विचार सोडायचा नाही. कर्माचा परिणाम काय होईल, कोणाचं भलं होईल, साधनं पुरेशी आहेत का, हे सगळं कर्त्याने तपासायचंच. आणि कर्म करायचं ते लोकसंग्रहासाठी. तिमाही निकालांच्या पत्रकात लोकसंग्रह कोणत्या रकान्यात दाखवतात, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. निष्काम कर्माचा एक धडधडीत नमुना टिळकांच्याच चरित्रात आहे, पण तो त्यांचा नाही. १९०८ च्या जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. सहा दिवसांची मजुरी गेली, हाती काही लागणार नव्हतं. त्यांना हे व्रत कोणी नेमून दिलं नव्हतं.

आता तंत्रज्ञान कंपन्यांत फळ कसं वाटतात ते पाहू. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडून दिलेली, पण आपल्याकडे रेंगाळलेली पद्धत अशी: चमूतल्या दहा जणांनी कितीही चांगलं काम केलं तरी एकदोघांनाच वरची श्रेणी, बहुतेकांना मधली, आणि कोणाला तरी खालची द्यावीच लागते. त्याला बेल कर्व्ह म्हणतात. आलेख आधी काढलेला असतो, माणसं नंतर बसवतात. इथे फळाची आशा धरू नका असं सांगायची गरजच उरत नाही, कारण कर्म आणि फळ यांचा संबंध आधीच तोडलेला असतो. द्वारकेच्या कॅबमधला सगळ्यात कडवट सूर याच विषयावर लागतो, आणि तो पैशांबद्दल कमी असतो. ‘माझं काम बघितलंच नाही’ ही तक्रार लोभी माणसाची नसते. आपल्या कर्माला साक्षीदार हवा, एवढंच त्यात असतं.

बेंचची गोष्ट याहून विचित्र. प्रकल्प संपला, दुसरा मिळाला नाही, की माणूस बेंचवर. पगार चालू, काम नाही. ऐकायला स्वर्ग वाटतो. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असं काम करायला हवं आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी होतील. बेंचवरचा माणूस रोज अंतर्गत मुलाखती देत फिरतो: कोणीतरी मला काम द्या. गीतेच्या त्या श्लोकात माणसाचा अधिकार कर्मावर सांगितला आहे. बेंचवर तोही नसतो. कर्म कधी मिळेल हे अटलांटिकपलीकडच्या कोणा बँकेच्या अंदाजपत्रकावर ठरतं, आणि ते न मिळाल्याचा दोष मात्र याच्या नावावर लागतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढलं गेलं. कंपनीचं म्हणणं, तीन संधींत अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण होणं ही करारातली जुनीच अट आहे. पुण्यातून चालणाऱ्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. काढलेल्यांची संख्या बरीच जास्त असल्याचा तिचा दावा होता. यातल्या अनेकांना नेमणुकीची पत्रं मिळाल्यावर रुजू व्हायला दोनेक वर्षं थांबावं लागलं होतं. अट इथेही होती. फक्त ती एकाच बाजूने घातलेली होती.

काम आणि धर्म यांचं नातं तपासायला दिल्लीहून निघून एका जुन्या गावात जायला हवं. सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा, पंढरपुरापासून सुमारे २५ किलोमीटरवर. या एका गावाने तीन नोकरदार दिले आणि तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली.

पहिला बाराव्या शतकातला. कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी कल्याणला जाण्याआधी मंगळवेढ्यात होती, आणि बसवेश्वर तिथे हिशेबनीस म्हणून लागले, पुढे भांडारप्रमुख झाले. कामातच कैलास आहे, ही त्यांच्या परंपरेची शिकवण आज कर्नाटकातल्या कितीतरी कार्यालयांच्या भिंतींवर रंगवलेली दिसते. भिंतीवर अर्धीच येते. त्यांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या, विचारात कायकाच्या (कष्टाच्या कामाच्या) जोडीला दासोह आहे: कष्टाने जे आलं त्यातलं गरजेपुरतं ठेवून उरलेलं सगळ्यांत वाटायचं. आणि कष्टाला मर्यादाही आहे. आयदक्की मारय्या नावाचा शरण सांडलेले तांदळाचे दाणे वेचून दासोह चालवत असे. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त दाणे घेऊन आला. त्याची बायको लक्कम्मा चिडली. हे जास्तीचं आपलं नव्हे, जिथून आणलं तिथे टाकून ये, म्हणाली. अधिक काम, अधिक मिळकत, म्हणजे अधिक पुण्य, हे गणित त्या घरात चालत नव्हतं. कैलासाचं सुभाषित सांगितलं जातं ते मारय्याच्या नावावर. लक्कम्माने त्याला परत पाठवलं, हे भिंतीवर कोणी रंगवत नाही.

दुसरा चोखामेळा. त्याला कसली नेमणूक आणि कसली अट. गावाची वेस बांधायला महारांना वेठीला धरलं होतं, त्यात तो होता. परंपरेनुसार १३३८ साली ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली माणसं गेली, चोखोबाही गेला. नामदेव हाडं गोळा करायला आले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबाची, अशी कथा आहे, आणि त्याची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. भाविकाचं मन या कथेतल्या नामाकडे जातं, ते स्वाभाविकच. तरी भिंत विसरता येत नाही. त्या कामात ईश्वर होता, असं वारकरी परंपरेने कधी म्हटलं नाही. ईश्वर हाडांत होता. वेठ ती वेठच राहिली.

तिसरे दामाजीपंत. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचा कारभार बघणारे अधिकारी. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडून दिली. बेदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ते पोहोचण्याआधीच विठू महार नावाचा कोणी इसम धान्याची सगळी किंमत दरबारात भरून पावती घेऊन गेला. मालकाचा नियम मोडणाऱ्या नोकराची बाजू देव घेतो, असं ही कथा निःसंकोच सांगते. निष्ठा कंपनीशी की माणसांशी, यावरच्या कार्यशाळेत दामाजीपंतांना कोणी बोलावत नाही, हे समजण्यासारखं आहे.

वारकरी परंपरेतच सावता माळ्याला आपल्या मळ्यातच देव दिसला. मळा त्याचा होता. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळत होती, तिथे मात्र देव स्वतः जात्याचा खुंटा धरायला बसला. कथा रचणाऱ्यांना फरक कळत होता: जिथे काम आपलं आहे तिथे ते पूजा होऊ शकतं, जिथे नाही तिथे देवाचं पहिलं काम ओझं हलकं करणं.

नारायण मूर्तींवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. इन्फोसिस उभारणाऱ्या सात जणांनी खरोखरच रात्रीचा दिवस केला, आणि कंपनी मोठी झाल्यावर १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांना समभाग दिले, त्यातून कितीतरी साध्या माणसांची घरं उभी राहिली. दासोहाच्या जवळ जाणारी ही गोष्ट होती. ७० तासांचा त्यांचा अनुभव सावता माळ्याचा आहे, खोटा नाही. आवडीने रात्र जागवणारे प्रोग्रॅमर द्वारकेतही आहेत. शनिवारी दुपारी विनामोबदला मुक्त सॉफ्टवेअरमधला दोष शोधत बसणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. घोळ होतो तो मळ्याच्या धन्याने आपला अनुभव मजुराच्या करारात लिहिला की.

पुण्यात जुलै २०२४ मध्ये एक २६ वर्षांची सनदी लेखापाल दगावली. ती नोकरीला लागून चारच महिने झाले होते. कंपनी तंत्रज्ञानातली नव्हती, ईवाय या लेखापरीक्षणातल्या जागतिक नावाशी जोडलेली होती. पण तिच्या आईने सप्टेंबरमध्ये कंपनीच्या भारतातल्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते आयटीतल्या लोकांत, कारण रात्री उशिरा येणारी कामं, रविवारही न सुटणं, नकार देता न येणं हे सगळं त्यांना पाठ होतं. मृत्यूला कामाचा ताण कारणीभूत असल्याचं कंपनीने नाकारलं. राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली तेव्हा दिसलं की २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. अर्ज केला होता तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. नोंदणीच नसेल तर मर्यादा कोणी मोजायची?

आईच्या पत्राच्याच महिन्यात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका शिक्षणसंस्थेत बोलल्या. ताण पेलण्याची आंतरिक शक्ती घरातून आणि ईश्वरश्रद्धेतून येते, ती मुलांना शिकवायला हवी, असा त्यांचा आशय होता. टीका झाली, मग त्यांनी खुलासाही केला की त्यांना मुलीला दोष द्यायचा नव्हता. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. श्रद्धेने बळ येतं, हे कोट्यवधी लोकांचं अनुभवाचं सत्य आहे. पण सहन करणाऱ्यालाच धर्म शिकवायचा आणि सहन करायला लावणाऱ्याला शिकवायचा नाही, ही वाटणी कोणी केली?

बुद्धाने ती केली नव्हती. दीघनिकायातल्या सिगालसुत्तात राजगृहाचा एक तरुण रोज सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करताना बुद्धाला भेटतो. बुद्ध त्याला सांगतात की खऱ्या दिशा म्हणजे माणसं: आईबाप पूर्व, आणि घरातले नोकर-कामकरी ही पायाखालची दिशा. तिला नमस्कार कसा करायचा? धन्याने पाच गोष्टी करायच्या: ताकद बघून काम नेमायचं, जेवण आणि वेतन द्यायचं, आजारपणात सेवा करायची, घरात काही चांगलंचुंगलं झालं तर त्यात वाटा द्यायचा, आणि वेळच्या वेळी मोकळं करायचं. नोकराचीही पाच कर्तव्यं पुढे येतात, आणि धन्याच्या आधी उठून नंतर झोपणं त्यातच आहे. सुत्त म्हणजे आजचा कामगार कायदा नव्हे. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी धन्याचं कर्तव्य सांगितलं, मग नोकराचं.

हा उपदेश ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी गृहस्थांच्या विनयात घेतला. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, दिल्लीतच, आणि त्यांच्याच कारकिर्दीत कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याची कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. मूर्तींच्या ७० तासांकडे पाहताना हा आकडा शेजारी ठेवायला हरकत नाही.

रविवारचं तर मराठी माणसाने आणखी जपायला हवं. तो आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले सत्यशोधक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी गिरणी मालकांशी सहा वर्षं झगडले. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, यासाठी लोखंड्यांनी दिलेलं कारण सांगितलं जातं ते असं की तो खंडोबाचा वार आहे. गोऱ्या साहेबांच्या चर्चची सोय त्यात आपोआप झाली असेल. कामगारांच्या बाजूने मात्र देव उभा केला होता तो जेजुरीचा. देवाच्या नावाने जास्त काम मागता येतं तशी देवाच्या नावाने सुट्टीही मागता येते. आणि गीतेबद्दल बोलायचं तर विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगितली ती २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ अशा अठरा रविवारी, साने गुरुजी उतरवून घेत असताना. रविवार मोकळा नसता तर मराठीला ‘गीता प्रवचने’ मिळाली असती का, हा विचार सुब्रह्मण्यन यांच्यापर्यंत कोणी पोहोचवायला हवा.

काम संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे ही कल्पना संसदेत नेली ती बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, खासगी विधेयक म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. कार्यालयीन वेळेनंतर आलेल्या फोनला किंवा ईमेलला उत्तर न दिल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड, अशी त्यात तरतूद आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतली कामाची रोजची मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली होती. स्वातंत्र्यानंतर संसदेत खासगी सदस्यांची फक्त चौदा विधेयकं कायद्यात उतरली. त्यांतलं शेवटचं १९७० सालचं आहे.